एका वासरावरून पेटलेली लढाई : जॉन्सन काउंटी, १८९२

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, बिगहॉर्न डोंगररांगेच्या पायथ्याशी बफेलो नावाचं एक छोटं गाव आहे. जॉन्सन काउंटीचा कारभार तिथून चालतो. एप्रिल १८९२ मध्ये या गावावर चालून जायला सुमारे पन्नास हत्यारबंद माणसं खास आगगाडी करून निघाली. डब्यांचे पडदे ओढलेले होते. आत होते गुरांच्या बड्या कंपन्यांचे मालक आणि कारभारी, राज्याचा एक सिनेटर, पाणीवाटप सांभाळणारा सरकारी अधिकारी, फिलाडेल्फियाचा एक शल्यविशारद, वर्तमानपत्रांचे दोन बातमीदार आणि टेक्सासमधून रोजावर आणलेले वीसेक बंदूकधारी. सोबत मारायच्या माणसांच्या नावांची यादी होती. यादीतले सगळे गुरंचोर आहेत, असं या मंडळींचं म्हणणं होतं.

सिनेमावाल्यांना ही गोष्ट फार आवडते, कारण घोडे आणि बंदुका भरपूर आहेत. पण बंदुका निघाल्या त्या शेवटी. त्याआधी दहा-पंधरा वर्षं चाललेलं भांडण होतं हिशेबाचं : सरकारी माळावर चरणारं, अंगावर कुणाचीच खूण नसलेलं वासरू कुणाचं? हा प्रश्न नीट समजला की बाकीची माणसं आणि घटना आपोआप जागेवर बसतात.

आधी जमिनीचं बघू. ही जमीन मोकळी पडली होती, असं गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जुन्या लिखाणात सर्रास असतं. ती मोकळी नव्हती, मोकळी केली गेली. पावडर नदीचा हा मुलूख लाकोटा, शायान आणि क्रो लोकांच्या शिकारीचा. १८६६ मध्ये अमेरिकन लष्कराने इथे किल्ले बांधले, तेव्हा लाकोटा पुढारी रेड क्लाउडने लढाई पुकारली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला फेटरमन नावाच्या कॅप्टनची ८१ जणांची तुकडी आजच्या जॉन्सन काउंटीच्याच हद्दीजवळ अख्खीच्या अख्खी कापली गेली. १८६८ च्या तहाने लष्कराला किल्ले सोडावे लागले आणि या भागात गोऱ्यांनी येऊ नये असं ठरलं. तह आठ वर्षंही टिकला नाही. २५ नोव्हेंबर १८७६ च्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, कर्नल मॅकेन्झीच्या घोडदळाने पावडर नदीच्या एका फाट्यावर वसलेली शायानांची वस्ती जाळली. तिथल्या पुढाऱ्यांपैकी एकाचं नाव मॉर्निंग स्टार. गोरे त्याला डल नाइफ म्हणत. त्यानंतर काही वर्षांतच रानगव्यांचे कळप संपवले गेले आणि त्याच गवतावर टेक्सासमधून हाकत आणलेली गुरं सोडली गेली. पुढे ‘आमच्या मालकीची कुरणं’ म्हणून हक्क सांगणारे सगळेच, बडे काय आणि छोटे काय, या जाळपोळीनंतर आलेले होते.

आता गुरांचा धंदा. आपल्याकडच्या गायरानात गावची गुरं चरतात तसंच हे, फक्त गायरान एखाद्या जिल्ह्याएवढं आणि त्याला गावकीही नाही. जमीन केंद्र सरकारची. कुंपण नाही, भाडं नाही. नदीकाठचा थोडासा तुकडा नावावर केला की पाणी आपलं. आणि पाणी आपलं म्हणजे मागचा मैलोन्‌मैल पसरलेला माळही आपलाच, अशी रीत पडली. सगळ्यांची गुरं एकमेकांत मिसळून चरत. ओळख पटायची ती कातडीवर डागलेल्या खुणेवरून. वर्षातून दोनदा सगळे मिळून गुरं गोळा करत, त्याला राउंडअप म्हणत. वसंतातल्या राउंडअपमध्ये वासरू ज्या गाईच्या मागे धावतं तिची खूण बघायची आणि तीच वासराच्या अंगावर डागायची. हिशेब साधा होता.

पण आई मेलेली किंवा चुकलेली वासरंही असत. त्यांना मॅव्हरिक म्हणत. सुरुवातीच्या काळात ज्याला सापडेल त्याने डागावं, असंच चाले. उलट मालक स्वतःच काउबॉयना सांगत, माळावर असलं वासरू दिसलं की आपली खूण मार, नगामागे काही डॉलर देतो. कित्येक बड्या कळपांची वाढ अशीच झाली. हीच युक्ती काउबॉयने स्वतःसाठी वापरली तेव्हा मात्र ती चोरी ठरली.

ती कायद्याने चोरी ठरवण्याचं काम केलं वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशन या मालकांच्या संघटनेने. राजधानी शायेनमध्ये तिचं बस्तान होतं, आणि विधिमंडळात तिचेच लोक बसत. १८८४ मध्ये मॅव्हरिक कायदा झाला. राउंडअप कधी आणि कुठे भरवायचा, हे संघटना ठरवणार. बेवारस वासरं संघटनेच्या ताब्यात जाणार, त्यांचा लिलाव होणार आणि येणाऱ्या पैशातून संघटनेच्या तपासनिसांचे पगार निघणार. जोडीला काळी यादी होती : ज्या काउबॉयची स्वतःची चार गुरं आणि स्वतःची खूण आहे, त्याला कुणी कामावर ठेवायचं नाही. म्हणजे एका खाजगी संघटनेला कर वसूल करायचा, पोलीस ठेवायचे आणि कुणी धंदा करावा हेही ठरवायचं, असे तिन्ही अधिकार मिळाले. कुंपणानेच शेत खाल्लं, असं म्हणायलाही जागा नाही, कारण कुंपण घालणारे आणि शेत खाणारे पहिल्यापासून एकच होते.

या काळात धंद्यात पैसा ओतत होते ते इंग्लंड-स्कॉटलंडचे गुंतवणूकदार. त्यांतला सगळ्यात रंगेल माणूस म्हणजे मोरटन फ्रूएन. विन्स्टन चर्चिलच्या मावशीचा नवरा. त्याने १८८२ मध्ये लंडनमध्ये पावडर रिव्हर कॅटल कंपनी काढली आणि माळावर ओंडक्यांचं दुमजली घर बांधून तिथे लॉर्ड-लेडींना शिकारीला बोलावलं. कंपनी काही वर्षांतच बुडाली. (हाच फ्रूएन नंतर सालारजंगांच्या कामासाठी हैदराबादलाही येऊन गेला. पैसा बुडवण्याच्या कामात त्याला देशांची सरहद्द कधी आडवी आली नाही.) फ्रूएनसारख्यांनी गुरं विकत घेतली ती बहुतेकदा वहीतल्या आकड्यांवर. गेल्या साली इतकी गुरं, म्हणून यंदा इतकी वासरं झाली असणार, असा हिशेब मांडायचा. माळावर जाऊन डोकी कुणी मोजत नसे.

१८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. आधीच जास्तीची गुरं सोडलेला माळ खरवडल्यासारखा झाला. मग त्या हिवाळ्यात एकामागून एक हिमवादळं आली. वसंतात ओढ्यांत, कुंपणांशी सांगाड्यांचे ढीग सापडले. काही कंपन्यांची निम्म्याहून जास्त गुरं मेली. इथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण मला ती कळीची वाटते. लंडनच्या भागधारकांना पत्र लिहिताना कारभाऱ्यापुढे दोन वाटा होत्या : एक तर कबूल करायचं की वहीतली गुरं कधी अस्तित्वातच नव्हती, नाही तर लिहायचं की चोरांनी नेली. दुसरी वाट किती सोपी होती हे सांगायला नको.

चोरी होतच नव्हती, असं अजिबात नाही. ती होत होती, आणि बफेलोच्या न्यायालयातले ज्युरी, जे स्वतः छोटे शेतकरी आणि दुकानदार होते, गुरंचोरीच्या खटल्यात सहसा कुणाला दोषी ठरवत नसत. त्यामुळे बड्या मालकांना कायद्याने दाद मिळत नव्हती, ही त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण ज्यांना ते चोर म्हणत होते त्यांत खरे चोर किती आणि नुसते आडवे येणारे किती, हा फरक करायची त्यांची तयारी नव्हती.

आडवे येणारे वाढत होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार कुणालाही १६० एकर सरकारी जमीन नाममात्र फीवर मिळे. पाच वर्षं तिथे राहून ती कसायची एवढीच अट. त्या हिवाळ्यानंतर कामावरून काढलेले काउबॉयच असे तुकडे घेऊ लागले, आणि तेही नेमके पाण्याकाठचे. एका तुकड्याभोवती तारेचं कुंपण पडलं की मागचा सगळा माळ बड्या मालकाच्या हातून जायचा.

एला वॉटसन ही अशीच एक. जन्म कॅनडातला, घरकाम आणि स्वयंपाक करून पोट भरणारी. दक्षिणेकडच्या स्वीटवॉटर खोऱ्यात तिने स्वतःच्या नावाने जमिनीचा दावा दाखल केला होता. शेजारीच जिम ॲव्हरेल दुकान आणि टपालघर चालवत असे. दोघांनी १८८६ मध्ये लग्नाचा परवानाही काढला होता. जमीन होती अल्बर्ट बॉथवेल नावाच्या बड्या मालकाच्या चाऱ्याच्या कुरणात. ॲव्हरेलने वर्तमानपत्राला पत्र लिहून या मालकांच्या जमीन बळकावण्यावर टीका केली होती. २० जुलै १८८९ ला बॉथवेलसह सहा मालकांनी दोघांना उचललं आणि झाडाला फास देऊन मारलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शायेनच्या वर्तमानपत्रांनी ‘कॅटल केट’ नावाची एक बाई उभी केली : चोरीची वासरं मोबदल्यात घेणारी वेश्या, हाताखाली गुरंचोरांची टोळी. त्यात जवळजवळ काहीच खरं नव्हतं, तरी पुढची शंभर वर्षं लोक तीच गोष्ट वाचत राहिले. सहाही जण जामिनावर सुटले. ज्युरीपुढे प्रकरण आलं तोवर एक साक्षीदार मेला होता, बाकीचे गायब झाले होते. खटला उभाच राहिला नाही.

हे पचलं, म्हणून पुढचं घडलं. वायोमिंग १८९० मध्ये राज्य झालं. १८९१ मध्ये राज्याच्या पशुधन आयोगाने संशयितांची यादी केली आणि त्यांच्या खुणेची गुरं शिकागो-ओमाहाच्या बाजारात पोचली की जप्त करायला सुरुवात केली. मालकाने आपली निर्दोषता सिद्ध केली तरच पैसे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पावडर नदीकाठच्या एका झोपडीत झोपलेल्या नेट चॅम्पियनवर पहाटे हल्ला झाला. चॅम्पियन टेक्सासहून गुरं हाकत आलेला, शांत डोक्याचा, नेमबाज काउबॉय. त्याने अंथरुणातूनच गोळ्या झाडून हल्लेखोरांना पळवलं आणि त्यांतल्या एकाला ओळखलंही. महिनाभरात रेंजर जोन्स आणि जॉन टिस्डेल या दोघांना रस्त्यात दबा धरून मारण्यात आलं. टिस्डेल बफेलोहून घरी निघाला होता; गाडीत मुलांसाठी घेतलेली नाताळची खेळणी होती. संशय गेला फ्रँक कँटनवर. हा पूर्वी याच काउंटीचा शेरीफ होता आणि आता संघटनेच्या कामावर होता. त्याचं खरं नाव जो हॉर्नर, टेक्सासमधून फरार झालेला दरोडेखोर, हे मात्र तेव्हा बफेलोत कुणाला ठाऊक नव्हतं. प्राथमिक सुनावणीत तो सुटला आणि गाव सोडून गेला.

छोट्या लोकांचं उत्तर बंदुकीचं नव्हतं, आणि मला वाटतं बड्यांना तेच जास्त झोंबलं. त्यांनी स्वतःची संघटना काढली आणि जाहीर केलं की आमचा राउंडअप १ मेला, म्हणजे सरकारी राउंडअपच्या महिनाभर आधी. मुकादम म्हणून नेट चॅम्पियनचं नाव होतं. म्हणजे त्या साली माळावरच्या वासरांवर पहिली खूण कुणाची पडणार, हे आता शायेनच्या हातात राहणार नव्हतं. पडदे ओढलेली गाडी निघाली ती या घोषणेनंतर.

मोहिमेचा म्होरक्या फ्रँक वुलकॉट, यादवी युद्धातला माजी मेजर. बंदूकधारी भरती केले ते पॅरिसमधून. हे पॅरिस टेक्सासमधलं. त्यांना दिवसाला पाच डॉलर आणि मारलेल्या माणसामागे पन्नास डॉलर बक्षीस कबूल केलं होतं, आणि गुन्हेगारांवरची वॉरंटं बजवायची आहेत असं सांगितलं होतं. हंगामी राज्यपाल एमोस बार्बरने आधीच हुकूम काढून ठेवला होता की नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेने, राज्यपालाच्या आज्ञेशिवाय, स्थानिक शेरीफच्या सांगण्यावरून, हलायचं नाही. तारा तोडल्या गेल्या. बेत असा होता की बफेलो गाठायचं, शेरीफ रेड अँगस आणि गावातल्या पुढाऱ्यांचा काटा काढायचा, मग उरलेली यादी निपटायची.

कॅस्परला ६ एप्रिलला गाडीतून उतरून हे लोक बर्फाळ वाटेने उत्तरेकडे निघाले. वाटेत खबर आली की चॅम्पियन केसी रँचच्या झोपडीत आहे. कँटनसारखे काही जण म्हणत होते, आधी बफेलो. वुलकॉटने ऐकलं नाही. ९ एप्रिलच्या पहाटे झोपडीला वेढा पडला. रात्रीच्या मुक्कामाला असलेले दोन फासेपारधी पाणी आणायला बाहेर आले, त्यांना मुकाट्याने धरलं. मग चॅम्पियनचा साथीदार निक रे बाहेर आला आणि दारातच गोळ्या लागून कोसळला. चॅम्पियनने गोळ्या झाडत त्याला आत ओढून घेतलं. पुढचा सगळा दिवस तो एकटा पन्नास जणांना झुलवत राहिला, आणि मधल्या वेळात एका टिपणवहीत लिहीत राहिला. रे सकाळीच मेला, हे त्याने लिहिलं. दुपारी रस्त्याने जॅक फ्लॅग आपल्या सावत्र मुलासह गाडी घेऊन आला. यादीत त्याचंही नाव होतं. गाडी सोडून, घोड्यावर टांग मारून दोघे निसटले. वेढा घालणाऱ्यांनी त्याच गाडीत गवत आणि राळेची लाकडं भरली, पेटवली आणि झोपडीवर ढकलली. वहीतल्या शेवटच्या ओळी आहेत त्या घराला आग लागल्याच्या आणि मित्रांचा निरोप घेणाऱ्या. खाली त्याने पूर्ण नावानिशी सही केली. मग तो बाहेर पळाला आणि चाळणी होऊन पडला. प्रेतावर ‘गुरंचोरांनो, सावधान’ अशी चिठ्ठी टाचली गेली. वही मात्र शिकागो हेरल्डचा बातमीदार सॅम क्लोव्हर याच्या हाती लागली आणि मजकूर छापून आला. मालकांनी आपला पराक्रम गाजवायला सोबत नेलेल्या माणसाने चॅम्पियनलाच अमर करून ठेवलं.

एका झोपडीपायी अख्खा दिवस गेला आणि मोहीम तिथेच बिघडली. फ्लॅगने आणि गोळ्यांचे आवाज ऐकलेल्या एका शेतकऱ्याने बातमी पसरवली. अँगसने गार्डची मदत मागितली, नकार मिळाला. जवळच्या फोर्ट मॅकिनीच्या लष्करी अधिकाऱ्यानेही हात वर केले. मग गावानेच कंबर कसली. रॉबर्ट फूट नावाचा पांढऱ्या दाढीचा स्कॉटिश दुकानदार घोड्यावरून गावभर हाका देत फिरला आणि बंदुका, काडतुसं, कांबळी लागतील तशी घेऊन जा म्हणून दुकान उघडं टाकलं. शिकारीला निघालेले बडे मालक बफेलोच्या दक्षिणेला सुमारे २२ किलोमीटरवर टीए रँचवर जाऊन लपले. ११ एप्रिलला त्यांना वेढा पडला. दोन-तीनशे माणसं जमली, मग आणखी येत राहिली. पाठीमागून येणाऱ्या त्यांच्याच सामानाच्या गाड्या गावकऱ्यांनी पकडल्या. त्यांत डायनामाइट होतं. गाड्यांच्या चाकांवर ओंडक्यांची एक हलती भिंत उभारली गेली. तिच्या आडून सरकत जायचं आणि त्यांचंच डायनामाइट त्यांच्यावर फेकायचं, असा बेत.

तिकडे बार्बरचा संदेश वॉशिंग्टनला पोचला. वायोमिंगचे दोन सिनेटर, जोसेफ कॅरी आणि फ्रान्सिस वॉरन, रात्री व्हाइट हाउसमध्ये गेले आणि अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्याकडून लष्कराचा हुकूम मिळवला. १३ एप्रिलच्या सकाळी हलती भिंत पुढे सरकत असतानाच कर्नल व्हॅन हॉर्नचं घोडदळ येऊन उभं राहिलं. पंचेचाळीसेक जणांनी शरणागती पत्करली, पण शेरीफपुढे नव्हे, लष्करापुढे. गावकऱ्यांच्या हाती लागले असते तर काय झालं असतं, हे त्यांना पुरेपूर कळलं होतं. टेक्सासचे दोन बंदूकधारी या मोहिमेत मेले. दोघेही स्वतःच्याच बंदुकीच्या अपघाताने.

खटल्याची कहाणी थोडक्यात उरकतो, कारण ती होतीच थोडकी. कैद्यांना शायेनजवळच्या फोर्ट डी. ए. रसेलमध्ये ठेवलं, तिथे ते बऱ्यापैकी मोकळे हिंडत. त्यांच्या पहाऱ्याचा आणि जेवणाचा खर्च मात्र जॉन्सन काउंटीच्या माथी मारला गेला. त्या दोन फासेपारध्यांना, म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्या साक्षीदारांना, पळवून दूर पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंडला नेलं आणि पैशाऐवजी धनादेश दिले. ते वटले नाहीत. टेक्सासवाले जामिनावर सुटून घरी गेले ते परत आले नाहीत. काउंटीची तिजोरी रिकामी झाली आणि जानेवारी १८९३ मध्ये खटला काढून टाकण्यात आला. चॅम्पियन, रे, जोन्स, टिस्डेल यांच्या खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

मतपेटीत मात्र हिशेब झाला. १८९२ च्याच निवडणुकीत मालकांशी जोडला गेलेला रिपब्लिकन पक्ष वायोमिंगमध्ये आपटला आणि डेमोक्रॅट जॉन ऑसबर्न राज्यपाल झाला. पण फार काळ नाही. वॉरन १८९५ मध्ये सिनेटमध्ये परतला आणि १९२९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. कँटन ओक्लाहोमात गेला, तिथे कायद्याचा रक्षक झाला आणि १९०७ मध्ये त्या राज्याच्या नॅशनल गार्डचा प्रमुखसुद्धा. केसी रँचच्या जागी पुढे केसी नावाचं गावच वसलं. आणि ज्या फोर्ट रसेलमध्ये कैद्यांची सरबराई झाली, त्याचं नाव १९३० मध्ये बदलून फोर्ट फ्रान्सिस ई. वॉरन असं करण्यात आलं; आज तिथे अमेरिकन हवाई दलाचा अण्वस्त्र क्षेपणास्त्रांचा तळ आहे, वॉरनच्याच नावाने.